रायटरबाई गप्प बसल्या त्याची गोष्ट

ठाण्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. मोठे साहेब, शिपाई, चहावाला, इतकंच काय, कोठडीत वरचेवर मुक्कामाला येणारा तो पाकीटमार, सगळ्यांच्याच त्या रायटरबाई. हुद्दा हवालदाराचा, काम लिहिण्याचं. जो कुणी गाऱ्हाणं घेऊन येईल त्याचं ऐकायचं, कागदावर उतरवायचं, खाली त्याची सही घ्यायची आणि कागद आतल्या खोलीत पाठवून द्यायचा. दाराशेजारचं ते डुगडुगतं टेबल बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. तीन साहेब बदलले, दोनदा रंग बदलला, टेबल आणि बाई तिथेच.

आणि हात कसला होता म्हणता! दुसरा कुणी जबाब घ्यायला बसला की अर्धी सकाळ खाई, बाई अकरा मिनिटांत मोकळ्या. त्याचं गुपित साधं होतं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्यांना पुढचं वाक्य ठाऊक असे. तो बिचारा "मी... म्हणजे सकाळी..." एवढ्यावर अडखळला असेल, तेवढ्यात इकडे 'मी नेहमीप्रमाणे सकाळी कामास जाण्यास निघालो असता' असं लिहूनही झालेलं असे. लोक चकित होत. "बाई, माझ्या मनातलं बरोबर ओळखलंत हो!" म्हणत आणि मुकाट सही करत. बाईंनाही त्याचा अभिमान होता. का नसावा? बावीस वर्षांत एकही कागद चुकीचा रकाना भरला म्हणून परत आला नव्हता.

एकच सल होता. कागद आत गेला की गेला. पुढे चोर सापडला का, हरवलेली मुलगी घरी आली का, त्या भांडकुदळ भावांचं काय झालं, यांना पत्ता नाही. मुद्दाम आत जाऊन विचारलं तर तपास करणारा फौजदार मान वर न करता म्हणे, "बाई, तुमचं काम झालं ना?" दर वेळी गोष्टीचं पहिलं पान आपण लिहायचं आणि बाकीचं पुस्तक दुसऱ्याने वाचायचं, याचा बाईंना मनस्वी राग येई. एकदा, निदान एकदा, एखादं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत आपल्या हाताने व्हावं, एवढीच त्यांची हौस होती.

आणि एके दिवशी फलकावर ते परिपत्रक लागलं. 'साक्षीदारांची विचारपूस व गुन्ह्याचा तपास, प्रगत अभ्यासक्रम, सहा आठवडे, निवासी.' उत्तीर्ण होणाऱ्यास तपास अधिकारी म्हणून नेमणूक. वयाची अट पन्नास. बाईंचं वय एकोणपन्नास वर्षं सात महिने. अभ्यासक्रम वर्षातून एकदाच निघणार, म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला. नापास झाल्या तर परत ते टेबल, थेट निवृत्तीपर्यंत. बाईंनी परिपत्रक तिथल्या तिथे तीनदा वाचलं, आणि चौथ्यांदा वाचायला नको म्हणून फलकावरून काढून पिशवीतच टाकलं.

घरी नवरा काचा पुसत बसला होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम, आणि घरी आल्यावरही त्याला दुसऱ्यांचे चष्मे दिसले की राहवत नसे. त्याने कागद लांब धरून वाचला. "अगं, पण सहा आठवडे म्हणजे..."

"म्हणजे तुमच्या जेवणाचं काय, तेच ना? करा की तुम्ही. हात काय काचांनाच लावायचे असतात?"

"नाही, मी म्हणत होतो..."

"आईंचं औषध मी फळीवर लावून ठेवते."

सासूबाईंना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी फक्त आपल्या कामाचं तेवढं ऐकू येई, आणि हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं. "सूनबाई, तू जा!" त्या आतून ओरडल्या. "तपास अधिकारी म्हणजे टोपी निराळी असते का गं?" टोपी तीच असते हे ऐकून त्यांचा थोडा हिरमोड झाला, पण तरी त्यांनी शेजारणीला हाक मारून बातमी सांगितली, आणि सांगताना टोपी निराळीच सांगितली.

मोठ्या साहेबांनी मात्र अर्ज बघून कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही गेल्यावर इथे लिहिणार कोण?"

"सहा आठवडे तुम्ही लिहा, साहेब," बाई म्हणाल्या.

सगळ्या ठाण्याने श्वास रोखला. साहेब असे खो खो हसले की कोठडीतला पाकीटमारही हसू लागला. त्याच हसण्यात त्यांनी सही ठोकून दिली.

प्रशिक्षण केंद्र शहराबाहेर होतं. लांबलचक बराकी, मधे मैदान, मागे भांडार, आणि सगळीकडे चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या कुंड्या. बाईंना मिळालेल्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या आणि त्यांतली एक आधीच भरलेली होती. दंगलीच्या पथकात पहिल्या ओळीत ढाल घेऊन उभी राहणारी ती बाई, खांदे असे की दारातून येताना जरा तिरकी व्हायची. सगळे तिला ढालबाई म्हणत. पहिल्याच दिवशी तिने बाईंची ट्रंक एका हाताने उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "मला एवढंच येतं. अभ्यासाचं तुम्ही बघा."

वर्गात चोवीस जण. शिकवायला विद्यापीठातून आलेली एक चणीने लहानशी बाई, गळ्यात दोरीने स्टॉपवॉच अडकवलेलं. माणसाची आठवण कशी बनते आणि कशी बिघडते हा तिचा विषय. स्टॉपवॉचमुळे तिचं नाव घड्याळबाई पडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

पहिल्या तासाला ती फळ्यावर तारीख लिहीत होती तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं, कुणीतरी आत घुसलं, टेबलावरची तिची पिशवी उचलली आणि पुढच्या दाराने पसार झालं. ढालबाई उठून धावणार तोच घड्याळबाई म्हणाली, "बसा. पाच मिनिटांत चोराचं वर्णन लिहून द्या. तुम्ही सगळे पोलीस आहात, तेव्हा मी निश्चिंत आहे."

चोवीस लेखण्या तुटून पडल्या. रायटरबाईंनी दोनच मिनिटांत कागद दिला आणि हाताची घडी घालून बसल्या. घड्याळबाईने चोवीस कागद चाळले आणि एकेक वाचू लागली. 'अंदाजे वय तीस, मध्यम बांधा, उंची साडेपाच फूट, अंगात पांढरा शर्ट.' पुढचा कागद, 'अंदाजे वय तीस, मध्यम बांधा.' त्याच्या पुढचा, 'मध्यम बांधा.' चोविसातल्या एकोणीस जणांनी मध्यम बांधा लिहिला होता. मग तिने टाळी वाजवली आणि चोर पिशवी घेऊन दारात उभा राहिला. भोजनगृहाचा आचारी! वय पंचावन्न, अंगात मळलेलं निळं एप्रन आणि पोट असं की एप्रनच्या नाड्या मागे पोचत नव्हत्या. सकाळी याच माणसाने सगळ्यांच्या ताटात वाढलं होतं.

वर्गात जो हशा उसळला तो थांबेना. आचारीही पोट धरून हसत होता. "मध्यम म्हणालात, फार बरं वाटलं हो," तो म्हणाला, "बायकोला लेखी दाखवतो." रायटरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे कान तापले होते. मध्यम बांधा आपण पाहिला नव्हता, बावीस वर्षं फॉर्मवर लिहीत आलो म्हणून हाताने लिहिला होता, हे त्यांना झटक्यात कळलं. आणि खरं सांगायचं तर राग येण्याऐवजी त्यांच्या अंगावर काटा आला. असलं काहीतरी आपल्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं! संध्याकाळी त्यांनी ढालबाईला पकडून तासभर तेच तेच सांगितलं, आणि ढालबाई बसल्या बसल्या झोपून गेली तरी सांगत राहिल्या.

दुसऱ्या आठवड्यात जोडीजोडीने सराव सुरू झाला. घड्याळबाईने ठरवून दिलेल्या घटनेचा एकाने साक्षीदार व्हायचं, दुसऱ्याने जबाब घ्यायचा, आणि सगळं टेपवर. बाईंनी नऊ मिनिटांत जबाब आटपला आणि साक्षीदार झालेल्या ढालबाईची सही घेऊन टाकली. घड्याळबाईने टेप ऐकली, जबाब वाचला.

"फार सुंदर जबाब आहे," ती म्हणाली. "फक्त तो तुमचा आहे, साक्षीदाराचा नाही. नऊ मिनिटांत ती तीन मिनिटं बोलली आणि तुम्ही सहा. जबाबातल्या दहा बाबींपैकी चार तुम्ही घुसडल्यात."

"मी? घुसडल्या?"

"तिने सांगितलं, तो आला. तुम्ही विचारलंत, चालत आला ना? ती हो म्हणाली. तो स्कूटरवर आला होता."

बाईंनी वळून ढालबाईकडे पाहिलं. "मग तू हो का म्हणालीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीने विचारलंत," ढालबाई कसनुसं तोंड करून म्हणाली, "मला वाटलं माझंच चुकलं असेल."

त्या एका वाक्याने बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं! किती माणसं त्या टेबलापुढे बसली, 'ओळखलंत हो मनातलं' म्हणाली आणि सही करून गेली. त्यांतली किती खरंच तसं म्हणत होती, आणि किती जणांना नुसतं आपलंच चुकलं असेल असं वाटलं होतं? खोलीवर येऊन त्या ट्रंक काढायला कपाटापाशी गेल्या, पण कपाटावर हात पोचेना, आणि ढालबाई काही ती काढून देईना. "जायचं तर जा," ती म्हणाली, "पण मग तुमच्या जागी अजून कुणीतरी असंच लिहीत बसेल. ते चालेल?" बाई खाटेवर बसल्या, यथेच्छ रडल्या आणि तोंड धुऊन पुस्तक उघडून बसल्या.

मग सुरू झाली गप्प बसण्याची तालीम. ऐकायला सोपी वाटते, करून बघा. समोरचा अडखळला की बाईंच्या जिभेवर पुढचा शब्द तयार. त्या ओठ मिटत, दात आवळत, पायाची बोटं आखडून घेत. शेवटी त्यांनी युक्ती काढली, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. लेखणी हातात नसली की जीभही जरा थंड राहते असं त्यांच्या ध्यानात आलं. दिसेल त्याच्यावर त्या प्रयोग करू लागल्या. आचारी, पहारेकरी, धोबी, कुणी सुटलं नाही.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. "काय गं, बरं चाललंय ना? इथे सगळं ठीक. फक्त..." आणि तो थांबला. बाईंच्या ओठावर 'गॅस संपला का?' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. आता फोन बंद पडला की काय असं वाटायला लागलं, तेव्हा तिकडून हळूच आवाज आला, "फक्त मी रोज तीन ताटं घेतो बघ. आईचं, माझं, आणि मग लक्षात येतं. तिसरं परत ठेवताना जरा कसंतरी होतं."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं काही बोलला नव्हता. बोलणार तरी कसा? त्याची सगळी वाक्यं बाईच पुरी करत आल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या मैदानातून अक्षरशः पळत खोलीवर आल्या. "अगं, जमतं! खरंच जमतं!" त्यांनी ढालबाईला गदागदा हलवलं. आपल्याला नवा कान फुटलाय असं त्यांना वाटत होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले कळलंच नाही. पहाटे उठून वाचन, दिवसभर सराव, रात्री जेवताना घड्याळबाईशी वाद. पन्नाशीला टेकलेली ही बाई वर्गात पहिल्या बाकावर बसून शाळकरी पोरीसारखा हात वर करी, आणि घड्याळबाई म्हणे, "आता दुसऱ्या कुणाला तरी विचारू द्या."

शेवटची परीक्षा मोठी खाशी होती. केंद्राच्या आवारात सकाळी भांडारातल्या एका खोक्याची बनावट चोरी घडवून आणली गेली, परीक्षार्थींना वर्गात कोंडून. आचारी, माळी, चालक, कारकून अशा चोवीस नोकरमाणसांनी ती आपापल्या जागेवरून पाहिली. चोरीचा आराखडा संचालकांनी स्वतः बसवला होता. त्यांच्या मोहोरबंद यादीत चौदा बाबी होत्या. प्रत्येकाने एकेका साक्षीदाराचा जबाब घ्यायचा, तोही टेपवर. यादीतली बाब मिळाली की गुण. यादीबाहेरची बाब जबाबात आली तर ती घुसडलेली धरायची, आणि दोन घुसडल्या की नापास. यावर दयामाया नाही.

रायटरबाईंच्या वाट्याला माळी आला. सावकाश बोलणारा, वाक्यावाक्याला छताकडे बघणारा म्हातारा. चाळीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या तेव्हा ब्लाउज घामाने चिंब झाला होता, मांडीखाली दाबून ठेवलेले हात बधिर झाले होते आणि चेहरा मात्र नुसता फुलला होता. "काय काय सांगितलं म्हाताऱ्याने!" एवढंच त्या म्हणाल्या. कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने आली हे त्यांना धड सांगता येईना, पण जबाब लिहून दिला होता आणि तो मोठा झाला होता.

दुपारी सगळ्यांना सभागृहात बसवून संचालकांनी निकाल वाचला. केंद्राचे कर्मचारीही भिंतीला टेकून उभे होते. ढालबाई पास झाली आणि तिने आनंदाने शेजाऱ्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो पुढच्या खुर्चीवर आदळला. मग रायटरबाईंचा क्रमांक आला.

"चौदापैकी बारा बाबी. उत्तम. पण घुसडलेल्या बाबी दोन." संचालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोकं भांडाराच्या मागच्या खिडकीतून बाहेर दिलं गेलं, ही एक. देणाऱ्या हाताला लाल पट्ट्याचं घड्याळ होतं, ही दुसरी. असं काही आम्ही घडवलंच नव्हतं. खोकं मागच्या पायरीवर ठेवलेलं होतं. नापास."

बाई खाली बसल्या, आणि बसताबसताच उठल्या. "साहेब, टेप लावा."

"नियम ठाऊक आहे ना?" संचालक म्हणाले. "टेप उघड्यावर ऐकायची आणि त्यात तुम्हीच आधी बोललेल्या निघालात, तर सेवापुस्तकात शेरा जाईल. नुसतं नापास होऊन घरी गेलात तर शेरा नाही. विचार करून सांगा."

आता खरी गोष्ट सांगायची तर बाईंना स्वतःचीच खात्री नव्हती. खिडकी कुणाच्या तोंडून आधी आली? म्हाताऱ्याच्या की आपल्या? बावीस वर्षांची सवय सहा आठवड्यांत जाते थोडीच! चोराने खोकं खिडकीतून काढलं ना, असं आपण सहज बोलून गेलो असू, आणि तो भला माणूस हो म्हणाला असेल. त्यांचं धाबं दणाणलं होतं. पण त्याचबरोबर असंही वाटलं, की घुसडलं असेल तर तेही कळू दे. न कळता परत त्या टेबलाशी जाऊन बसणं आता आपल्याच्याने व्हायचं नाही.

"लावा," त्या म्हणाल्या.

टेप खरखरली. आधी बाईंचा आवाज. "काका, तिथे तुम्ही होता, मी नव्हते. मला काही माहीत नाही. तुम्हाला आठवेल तसं सांगा, हवं तिथून सांगा." मग म्हातारा. निळी सायकल, पडलेली टोपी, मैदानात भेटलेली बाई. बाबींमागून बाबी. घड्याळबाई यादीवर खुणा करत होती. मग म्हातारा म्हणाला, "मग तो गेला भांडाराच्या मागे..." आणि थांबला.

टेपवर शांतता पसरली. घड्याळबाईने स्टॉपवॉच दाबलं. दहा सेकंद. वीस. कुठेतरी कावळा ओरडला. तीस. सभागृहातल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. चाळिसाव्या सेकंदाला टेपवर बाईंनी घसा खाकरला, आणि इकडे बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. आता बोलणार. टेपवर आवाज आला, "मग..." एवढाच, आणि तुटला. त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज, एक लांब श्वास, पुन्हा शांतता. साठ. ऐंशी. ढालबाईने रायटरबाईंचं मनगट असं आवळलं होतं की हात पांढरा पडला. शंभर सेकंद झाले.

"आता मागे मी होतोच म्हणा," टेपवरचा म्हातारा सावकाश म्हणाला, "नळ बंद करायला गेलो होतो. साहेबांनी मैदानातलं सांगा म्हटलेलं, मागचं सांगू की नको, कळेना. तो खिडकीपाशी गेला. खिडकीतून खोकं बाहेर आलं बघा. आपोआप नाही, हात होता. लाल पट्ट्याचं घड्याळ होतं हाताला."

घड्याळबाईने स्टॉपवॉच थांबवलं. "एकशे चार सेकंद," ती म्हणाली. "तीस वर्षं हे शिकवतेय मी. एवढं थांबलेलं माणूस पाहिलं नव्हतं."

रायटरबाईंनी डोळे उघडले. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण आता सगळे दुसरीकडेच बघत होते. भिंतीशी हजेरीपुस्तक छातीशी धरून उभा असलेला भांडारपाल आपला डावा हात हळूहळू पाठीमागे नेत होता, आणि त्या हाताला लाल पट्टा होता.

"तू?" संचालक गरजले. "खोकं पायरीवर ठेवायला विसरलास ना? आत झोपला होतास ना? आणि तो आल्यावर खिडकीतून देऊन गप्प बसलास, हो ना?"

भांडारपालाने घाबरून मान हलवली. "हो साहेब."

"दोन घुसडल्या," घड्याळबाई शांतपणे म्हणाली. "तिसरीही धरता येईल."

सभागृह हसून हसून कोसळलं. संचालक आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, गुणपत्रिका ओढली, 'नापास'वर आडवी रेघ मारली आणि बाजूला स्वतःच्या हाताने 'उत्तीर्ण' लिहून सही केली. मग कागद रायटरबाईंच्या पुढे सरकवून म्हणाले, "माझ्याच परीक्षेत काय घडलं हे मलाच ठाऊक नाही. या माणसाचा जबाब घ्यायला हवा, आणि तो मी घेतला तर त्याचा काही उपयोग नाही. सुरुवातीपासून अहवालापर्यंत सगळं तुम्हीच करायचं. चालेल ना, तपास अधिकारी?"

तो शब्द ऐकून बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. एक खोकं, एक खिडकी आणि एक थरथरणारा भांडारपाल, एवढंसं ते प्रकरण, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत त्यांचं. त्या भांडारपालाला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, त्याला पाण्याचा पेला दिला.

"बसा दादा. आत तुम्ही होता, मी नव्हते. काय झालं ते तुम्हीच सांगा."

तो पाणी प्यायला. त्याने खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, घड्याळाचा पट्टा उगाच सैल केला. बाई वाट बघत बसल्या.

"साहेब म्हणतात तसं नाही, बाई," तो शेवटी म्हणाला. "मी झोपलो नव्हतो."